जीपचं वय सगळे विचारतात, क्रॉसचं कोण विचारणार?

पोस्ट जरा लांब आहे. पण ज्यांच्या दारात जुनी जीप आहे, किंवा जे तिच्यात बसून लग्नाला-यात्रेला जातात, त्यांनी वाचाच.

मागच्या आठवड्यात आमच्या एमएम ५४० चा मागचा क्रॉस बदलला. मुंबई-पुण्याची हौशी मंडळी जुन्या स्पोर्ट्स कार जपतात. आपल्या वाशिम जिल्ह्यात तो मान जीपला. फरक एवढाच की आपली जीप अजून कामावर आहे. क्रॉस म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या डिफरन्सलकडे जाणाऱ्या लांब शाफ्टचा सांधा. खड्ड्यात पाटे खालीवर झाले की शाफ्टचा कोन बदलतो, तरी फिरणं थांबता कामा नये, म्हणून हा अधिकच्या चिन्हासारखा तुकडा. चार टोकांवर चार कप, कपात बारीक सुया, त्यात ग्रीस. ग्रीस संपलं की कपाभोवती लालसर भुकटी दिसायला लागते. गिअर टाकून क्लच सोडला की खालून ‘टक’ येतं. वेग धरला की बूड थरथरतं.

‘खूण केल्याबिगर शाफ्ट खोलाचा नाही, भाऊ,’ मिस्त्री म्हणाले, आणि पंचने दोन्हीकडे खूण मारली. त्यामागचं कारण ऐकण्यासारखं आहे. कोनात फिरणारा एकटा क्रॉस वेग सारखा पुढे देत नाही. दर फेऱ्याला दोनदा वेग कमी-जास्त होतो. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा क्रॉस तो फरक मिटवतो, पण दोन्ही टोकांचे कान एका रेषेत असले तरच. स्प्लाईनवर दात चुकवून बसवलं, तर क्रॉस नवा आणि थरथर जुनीच. मग लॉक काढले, व्हाइसमध्ये धरून कप दाबून बाहेर घेतले. जुन्या क्रॉसच्या टोकांवर सुयांचे चर पडले होते, नखाला लागत होते. नवा कप बसवताना एक सुई तळाशी आडवी पडली, तर लॉक बसतच नाही. मिस्त्रींनी ती ग्रीसमध्ये चिकटवून उभी केली. सामान हजाराच्या आत.

आता मुद्द्याचं. शाफ्टचं पुढचं टोक चालत्या गाडीत सुटलं, तर ते रस्त्यात रुतून गाडी उचलू शकतं. मागचं टोक सुटलं, तर घाटात इंजिनाचा रोध गेला. विलीसच्या वळणाच्या बऱ्याच जुन्या जीपांना हँडब्रेक ट्रान्सफर केसवर असतो, म्हणजे शाफ्ट तुटला की मागच्या चाकांसाठी तोही गेला. उरला फक्त पायाखालचा ब्रेक. आणि मागे माणसं किती बसलेली असतात ते तुम्हाला माहीत आहे.

सरकार काय बघतं? खासगी गाडीला पंधरा वर्षं कोणी विचारत नाही. पुढे दर पाच वर्षांनी. कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० ची ५,००० झाली, ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना १०,०००. हौसेच्या पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी ‘व्हीए’ नंबरप्लेट आहे. सगळा हिशेब वयाचा. दोन तपासण्यांच्या मधल्या पाच वर्षांत क्रॉस झिजला, तर तो कोणत्या कागदावर येणार? जुनी गाडी महाग करून रस्त्यावरून घालवायची, हा उपाय शहरात चालत असेल. मानोऱ्याच्या तांड्यावरच्या माणसाला दुसरी गाडी कुठली?

माझी मागणी साधी आहे. रामनवमीच्या यात्रेआधी परिवहन विभागाने आणि आयटीआयने मिळून तालुक्याच्या ठिकाणी एक दिवस गाड्या खालून बघाव्यात. दंड नको, नुसतं बघा आणि सांगा. मोटर मेकॅनिकच्या पोरांनाही हात साफ करायला मिळेल.

तोवर घरीच बघा. सपाट जागा, इंजिन बंद, चारही चाकांना दगड, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. खाली जाऊन शाफ्ट दोन्ही हातांनी धरा. पिळा, वर-खाली हलवा. क्रॉसजवळ ढिलाई लागली, तर यंदा पोहरादेवीला एसटीने जा.