फ्युएल सेलमध्ये घातलेले पैसे

२०००च्या सुरुवातीला मी न्यू जर्सीत केमिकल इंजिनिअर होतो आणि फ्युएल सेल आपल्याला कळतो याचा मला माज होता. एका बाजूने हायड्रोजन, दुसऱ्या बाजूने हवेतला ऑक्सिजन, मध्ये पडदा, त्यावर प्लॅटिनमचा थर. वीज मिळते, मागे उरतं पाणी. विल्यम ग्रोव्हने हे १८४०च्या आसपासच दाखवलं होतं. अपोलोतले अंतराळवीर तर या सेलमधून निघालेलं पाणीच पीत. म्हणजे चालतं की नाही हा प्रश्न कधीच सुटलेला होता, आणि मी तोच पुन्हा पुन्हा तपासून खूश होत होतो.

तेव्हा वारंही तसंच होतं. कॅनडातल्या बॅलार्ड या फ्युएल सेल कंपनीत डेमलर आणि फोर्डने पैसा घातला होता, २००४पर्यंत गाड्या रस्त्यावर येतील असं बोललं जात होतं. बॅलार्डचा शेअर २०००मध्ये शंभर डॉलरच्या वर गेला. २०१२मध्ये तो एका डॉलरच्याही खाली आला. मी शेअर घेतले ती कंपनी वेगळी. तिचं नाव सांगत नाही, कारण तिने मला फसवलं नाही. सगळं वार्षिक अहवालात छापलेलं होतं. विक्रीपेक्षा खर्च जास्त, आणि खड्डा भरायला दरवेळी नवे शेअर. पडदा किती मायक्रॉनचा असतो हे मी झोपेत सांगितलं असतं. कंपनीचे एकूण शेअर किती, हे मी कधी पाहिलंच नाही. माझा हिस्सा पातळ होत गेला. पुढे कित्येक जुने शेअर मिळून एक नवा केला, तेव्हा वाढलेला भाव बघून मी क्षणभर हरखलो होतो. शिकला-सवरलेला माणूस!

भाव पडला की मी आणखी घ्यायचो, आणि त्याला ‘अ‍ॅव्हरेज करणं’ म्हणायचो.

हायड्रोजनचं गणितही मी टाळलं. विजेने पाणी फोडायचं, वायू ७०० बारला दाबायचा, गाडीत पुन्हा वीज करायची. मूळ विजेतला जेमतेम तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो. बॅटरीच्या गाडीत दोन तृतीयांशाहून जास्त. कागदावर दहा मिनिटांचं काम. केलं नाही, कारण उत्तर नको होतं. लिथियम बॅटरी इतकी स्वस्त होईल हे मात्र तेव्हा ओळखता आलं नसतं; एवढी सूट मी स्वतःला देतो.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मी फ्युएल सेलवर चौघांना व्याख्यान दिलं होतं. त्यातल्या दोघांनी शेअर घेतले. एकाने नंतर विषयच काढला नाही. तो आला की मी उगाच प्रसादाच्या रांगेत जायचो. म्हणून २०२० संपताना हरित हायड्रोजनची लाट येऊन शेअर उसळला, तेव्हाही मी विकला नाही. नफ्यापेक्षा मला मंडळात पुन्हा बोलायची संधी हवी होती.

ऑगस्ट २०२२मध्ये पुण्यात केपीआयटी आणि सीएसआयआरने बनवलेली हायड्रोजन बस दाखवली गेली. धाकट्या भावाने विचारलं, ‘‘दादा, यात पैसे टाकू का?’’ मी लांबलचक मेल लिहिली. पाठवल्यावर वाचली, तर त्यात बहुतेक सगळं पडद्याबद्दलच होतं. दुसऱ्या दिवशी फोन करून त्याला अहवालातलं कोणतं पान आधी उघडायचं ते सांगितलं.

माझे शेअर मी त्यानंतर विकले. अमेरिकेत असा तोटा पगारातून वर्षाला फार तर ३,००० डॉलर वजा करता येतो, उरलेला पुढच्या वर्षावर जातो. माझा अजून संपलेला नाही.