आम्ही नेमके कुठे आहोत?

विमान कोसळले म्हटले की आपण आधी मृतांचा आकडा विचारतो. गौली हिमनदीवरच्या १९४६ सालच्या अपघातात तो आकडा शून्य आहे. तरीही ही हकीकत वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही.

अमेरिकी सैन्याचे ते डाकोटा जातीचे वाहतूक विमान. ऑस्ट्रियातील टुल्नहून इटलीतील पिसाकडे निघालेले. आत बारा माणसे. त्यांत काही स्त्रिया आणि अकरा वर्षांची एक मुलगी. आल्प्सवर ढग दाटले, विमान मार्गावरून पार ढळले आणि १९ नोव्हेंबरला स्वित्झर्लंडमधील या हिमनदीवर, सुमारे ३३५० मीटर उंचीवर, बर्फाच्या चढावर घसरत जाऊन थांबले. जीव वाचले ते केवळ त्या बर्फामुळे!

खरे संकट पुढेच होते. बिनतारी यंत्र शाबूत होते, त्यामुळे मदतीची हाक तर गेली. पण आपण फ्रेंच आल्प्समध्ये आहोत अशीच त्या बिचाऱ्यांची समजूत! साहजिकच शोध सुरू झाला तो भलतीकडे. इकडे स्वित्झर्लंडमधल्या मायरिंगेनच्या विमानतळावर तीच हाक फार स्पष्ट ऐकू येत होती. एवढा ठळक आवाज दुरून येईल कसा? ही माणसे इथेच कुठेतरी जवळ आहेत, हे तेथल्या लोकांनी ताडले. मला या साऱ्या प्रकरणात थोर वाटतात ते हे ऐकणारे. नकाशे आणि आकडे दुसरेच काही सांगत असताना त्यांनी आपल्या कानांवर विश्वास ठेवला.

२३ तारखेला स्विस पथक पायी तिथवर पोहोचले. दुसऱ्या दिवशी व्हिक्टर हुग आणि पिस्ता हित्झ या वैमानिकांनी बर्फावर उतरू शकणारी दोन चिमुकली स्टॉर्च विमाने हिमनदीवर उतरवली आणि फेऱ्या करून बाराही जणांना खाली आणले.

माझा थोरला भाऊ सैन्यात आहे. सुट्टी संपली की तो चंदीगडहून हवाई दलाच्या विमानाने लेहला जातो. पोहोचल्याचा त्याचा फोन येईपर्यंत आई जेवत नाही. याच मार्गावर ७ फेब्रुवारी १९६८ रोजी एक एएन-१२ विमान खराब हवेमुळे अर्ध्यातून माघारी वळले आणि रोहतांगच्या परिसरात नाहीसे झाले. आत १०२ जण होते. अवशेषांचा पहिला मागमूस लागला तो २००३ साली, गिर्यारोहकांना.

आईला मी गौलीची गोष्ट दोनदा सांगितली आहे. ही दुसरी अजून सांगितलेली नाही.