ऋतूंच्या गोष्टी आणि बालकांची आसने

योगाभ्यास म्हटला म्हणजे ओळीने अंथरलेल्या चटया, मिटलेले डोळे आणि शिक्षकांनी मोजलेले आकडे, असे चित्र मनात उभे राहते. मोठ्यांस ते शोभते. परंतु पाच वर्षांच्या बालकास 'स्वस्थ बैस' अशी आज्ञा करून त्यापासून शांतीची अपेक्षा करणे, हे आम्हांस कधीच रुचले नाही.

वास्तविक आसनांचा जन्मच मुळी प्राणिमात्रांच्या सहवासात झालेला आहे. जितके जीव तितकी आसने, असे घेरंडसंहिता सांगते. त्यांतून मनुष्यास हितकर म्हणून निवडलेल्या 32 आसनांत बेडूक आहे, मासा आहे, कासव, सर्प, मोर आणि टोळही आहे. ही सारी मंडळी आमच्या कट्ट्याच्या मुलांच्या ओळखीची. आमचा गाव समुद्रापासून थोडा आत, मालवणहून कसालकडे जाणाऱ्या रस्त्यावर. भाताची शेते, माड आणि पावसाळ्यात तुडुंब भरणारे व्हाळ हेच आमचे ग्रंथालय. तेव्हा ज्या ऋतूत जो जीव दिसेल त्याची गोष्ट सांगावी आणि गोष्टीतूनच आसन घडू द्यावे, असा क्रम आम्ही ठेविला.

जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर मृग लागतो. मातीतून बेडूक वर येतात, व्हाळातून मासे चढणीस लागतात. मग आमच्या पडवीत एक आळशी बेडूक जन्मास येतो, गुडघे फाकून बसतो आणि ढगांस हाका मारतो. लावणीच्या दिवसांत बगळे येतात. शास्त्रातले बकासन म्हणजे हातांवर तोलणे, ते बालकांचे काम नव्हे. आमचा बगळा आपला एका पायावर मासा येण्याची वाट पाहतो. ज्याचा पाय डळमळेल तो वाऱ्यातला बगळा! त्यास खेळातून बाद करीत नाहीत. श्रावणात नागपंचमीस भुजंगासन निराळे शिकवावे लागत नाही, आणि नारळी पौर्णिमेस पडवीतील सर्व मुलांच्या होड्या होतात.

यांत एक मुलगी होती. ढग गडगडू लागले की ती कोपऱ्यात जाऊन कानांत बोटे घाली. कोणी कितीही समजाविले तरी हलत नसे. तिच्यासाठी आम्ही भुंग्याची गोष्ट रचली. पावसात सापडलेला भुंगा फुलात शिरतो आणि पाकळ्या मिटल्यावर भिऊ नये म्हणून स्वतःशीच गुणगुणतो. कानांत बोटे घालून तोंड मिटून गुणगुणणे, हीच तर भ्रामरी. तिची बोटे होती तेथेच राहिली. फक्त गुंजारव वाढला. काही दिवसांनी गडगडाट होताच तिच्या आधी इतर मुलेच गुणगुणू लागली. तिचे भय समूळ गेले, असे आम्ही म्हणणार नाही. पण ती कोपरा सोडून सर्वांमध्ये येऊन बसू लागली. श्वास कोंडून धरावयास मात्र आम्ही कोणास लाविले नाही. बालकांस कुंभकाची गरज नाही.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार रूढ केले. ती शिस्त मोठ्या मुलांस उपकारक, याविषयी आमचा वाद नाही. 2015 पासून 21 जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन पाळला जातो. नेमका आर्द्रा नक्षत्राच्या तोंडावर, बेडूक ऐन भरात असताना! त्या दिवशी बालकांसही पांढऱ्या वेषात ओळीने उभे करावे, पाहुण्यांस दाखवावे, छायाचित्रे घ्यावीत, असा आग्रह आम्हांस वेळोवेळी झाला. आम्ही तो मानला नाही, आणि त्यापायी थोडा रोषही पत्करला. कारण पडवीत जो वाऱ्यातला बगळा असतो, तो ओळीत उभा राहिला की केवळ चुकणारा मुलगा ठरतो. आणि तसा एकदा ठरला की पुन्हा पंख पसरावयास धजत नाही.

हिवाळ्यात कासवीण येते. वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीच्या किनाऱ्यावर सागरी कासवे खरोखरच अंडी घालतात. एकेका घरट्यात शंभराच्या आसपास. पोटाशी पाय घेऊन, कपाळ भुईस टेकून मुले वाळूतली अंडी होतात, आणि हाक येईपर्यंत इतकी निश्चल राहतात की आम्हांसच नवल वाटते. 'स्वस्थ बैस' हा शब्द कोणी उच्चारलेला नसतो.

उन्हाळ्याचे दिवस सुट्टीचे. तेव्हा गोष्टीही थोड्याच. मृगाच्या आधी झाडांवर काजवे लखलखतात, त्यांची एक गोष्ट सांगावी असे मनात आहे. परंतु काजव्याचे आसन आम्हांस कोठे आढळले नाही. शाळा उघडल्यावर मुलांसच विचारू.