माश्यांचा पंचनामा

फार्महाउसच्या शेटनी मधाची बाटली पाठवली, तो राग अजून गेलेला नाही. सीलबंद, दुकानातली, वर माशीचं चित्र. सोबत निरोप: 'तुमचं नुकसान झालं म्हणे.'

आमचं गागोदे बुद्रुक, पेण तालुक्यातलं, विनोबांचं जन्मगाव. भात निघालं की इथे कोणी वाल टाकतं, पाणी असेल तो कलिंगड. माझं कलिंगड. घराच्या पडवीला सातेरी मधमाश्यांची पेटी. शेजारच्या माळावर आता कुंपण, हिरवळ, जास्वंदीच्या रांगा आणि शनिवार-रविवारचे शेट.

कलिंगडाचं फूल एका सकाळचं. ऊन आलं की उघडतं, दुपारी मिटतं, संपलं. तेवढ्यात मादी फुलावर माश्यांच्या सात-आठ खेपा झाल्या तर फळ नीट धरतं. कमी पडल्या तर एका अंगाने चेपलेलं, नाहीतर गळूनच जातं. नेमक्या त्याच वेळी, नऊच्या सुमारास, कुंपणापलीकडे पंप सुरू झाला. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला होता.

दुपारी पेटीपुढच्या फळीवर माश्या गोल गोल फिरत होत्या, पाठीवर पडून पाय झाडत होत्या. मेलेल्यांची सोंड बाहेर, पंख ताठ पसरलेले. आतल्या माश्या एकेकीला ओढत दाराशी आणून खाली लोटत होत्या, आणि ओढणारीच मध्ये थरथरून आडवी होई. संध्याकाळपर्यंत सुपलीभर गोळा झाल्या. त्या मी फेकल्या नाहीत. सुपलीसकट तालुक्याच्या एका कार्यालयात नेल्या. बिबट्याने शेळी नेली तर पंचनामा होतो, भरपाई मिळते, मग हे का नाही?

"किती नग?" साहेबांनी विचारलं. मी सुपली पुढे केली. "या तुमच्याच कशावरून? जंगलातल्या असतील." बिल्ला नाही, टॅग नाही. तेही खरंच म्हणा. मग दुसऱ्या टेबलावर, तिथून तिसऱ्या. तिथल्या बाई म्हणाल्या, "काका, झाका हो ते, मुंग्या लागल्यात." अर्ज घेतलाच नाही, अशा नुकसानीला रकानाच नाही म्हणे. फुलावर राबून पीक धरून देणाऱ्या जिवाला सरकारदरबारी शेळीएवढीही किंमत नाही, याचा संताप मला शेटवरच्या रागापेक्षा जास्त आला.

औषधाची रिकामी बाटली माळ्याने दाखवली. इमिडाक्लोप्रिड, पिवळा त्रिकोण. हे लाल, पिवळे, निळे, हिरवे त्रिकोण उंदरासारख्या प्राण्यांवरच्या चाचणीतून ठरतात. आपल्याला किती घातक, त्याचा तो अंदाज. माशीचा हिशेब त्यात नाही. तिला या औषधाचा ग्रॅमचा काही अब्जांश भाग पोटात गेला तरी पुरे. युरोपीय संघाने 2018 मध्ये उघड्या शेतात ते वापरायला बंदी घातली. आपल्याकडे ते कुंडीतल्या गुलाबावरही मारतात. पिठ्याला पाण्याचा जोरदार फवारा आणि साबणाचं पाणी बऱ्याचदा पुरतं. औषध मारायचंच तर ऊन उतरल्यावर मारा, फुलं टाळा, शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगा. इमिडा मात्र झाडात मुरून मकरंदातही उतरतं, तिथे नुसती संध्याकाळ पुरत नाही. आंब्याच्या मोहोरावर तर फळ धरायचं बरंचसं काम मध न करणाऱ्या साध्या माश्यांचं. त्यांना पेटीही नसते, मेल्या तर कळणार कोणाला?

तरी एक गोष्ट सांगायला हवी. उन्हाळ्यात आमच्या बाजूला सगळं करपलेलं असताना माझ्या माश्या शेटच्या पाणी घातलेल्या बागेवरच जगल्या. आदल्या वर्षीचा मध त्याच कुंपणापलीकडचा. बाग नसावी असं मला वाटत नाही, हे लिहितानाही राग येतो.

माळी म्हणजे वाडीवरचा कातकरी पोरगा. पहिल्या दिवशी मी त्याच्यावरच ओरडलो होतो. तोंडाला फडकं नाही, हातात मोजे नाहीत, डोळे लाल. 2017 मध्ये यवतमाळला फवारणी करताना शेतकरी-मजूर दगावले, ते या पोराला कोणी सांगितलं असेल? नंतर भेटला तेव्हा म्हटलं, "अरे, संध्याकाळी मारत जा."

"सांगितलं ना शेटना," तो म्हणाला. "ते सकाळी चहा घेताना बघतात, काका. संध्याकाळपर्यंत मुंबईला गेलेले असतात. नंतर मारलं तर म्हणतात, मारलंच नाहीस, आणि रोज कापतात."