पान कुणासाठी?

सर्वपित्री अमावास्या, दुपार.

चार्वाकांचा सवाल आज पुन्हा आठवला. श्राद्धाच्या जेवणाने मेलेल्याचं पोट भरत असेल, तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला बांधून द्यायची? घरीच कुणाला तरी वाढावं! गंमत म्हणजे हा टोला आपल्यापर्यंत पोचला तो चौदाव्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’मुळे, आणि तो ग्रंथ लिहिणारे माधवाचार्य पक्के वेदान्ती. विरोधकाचं म्हणणं इतकं झणझणीत जपणारी ही माणसं मला फार आवडतात.

सकाळी गच्चीवर पान ठेवलं. खीर, वडे, आमटी. वहिनी म्हणाली, “भाऊजी, हाक मारा की कावळ्यांना.” मारली. परलोक मानत नसूनही आवाज चांगला खणखणीत निघाला.

सावरकरांनी आपल्यामागे श्राद्ध-पिंडदान नको, असं बजावून ठेवलं होतं. १९६६ साली त्यांचं दहन विद्युतदाहिनीत झालं. तेवढा करारीपणा माझ्यात नाही. माझं नातं कठोपनिषदातल्या नचिकेत्याशी. मेल्यावर माणूस उरतो की नाही, हे तो थेट यमालाच विचारतो. यम हत्ती-घोडे, सोनं, दीर्घायुष्य देऊ करतो, पण हे विचारू नकोस म्हणतो. देवांनाही इथे शंका होती म्हणे. पुढे यम आत्म्याबद्दल भरपूर सांगतो. मला मात्र त्याची ती सुरुवातीची टाळाटाळच जास्त खरी वाटते.