अम्मीचे हात

माझगावच्या आमच्या खोलीत रात्री जाग आली की अम्मी अंथरुणावर बसून हात झटकताना दिसायची. ‘मुंग्या आल्यात,’ म्हणायची. दिवसभर लोकांचे कपडे शिवणारी बाई, थकली असेल, असं आम्ही धरून चाललो. सजद्यात तळवा टेकला की कळ यायची, म्हणून ती मूठ टेकवायची. त्यावर आम्ही तिलाच टोकायचो. बी.एड. झालेली मीसुद्धा.

गेल्या वर्षी पेपर तपासताना माझीच बोटं बधिरली. वाटलं, उर्दू उजवीकडून, मराठी डावीकडून, मनगट गोंधळलं असेल! डॉक्टरांनी मनगटं दुमडून दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवायला लावल्या. मिनिटभरात अंगठा आणि शेजारची दोन बोटं झिणझिणली. करंगळी शाबूत, कारण तिची नस वेगळी. कार्पल टनेल सिंड्रोम. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून बोटं वाकवणारे नऊ दोर आणि एक नस जाते. जागा कमी पडली की नस चेपते. मधुमेह, थायरॉईड, गरोदरपण यांतही हे होतं. झोपेत मनगट दुमडतं, म्हणून त्रास रात्री जास्त.

मला रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा मिळाला, तेवढ्यावर भागलं. नसतं भागलं तर इंजेक्शन, नाहीतर छोटं ऑपरेशन.

मग अम्मीला नेलं. तिच्या अंगठ्याखालचा उंचवटा सपाट झाला होता, स्नायू सुकलेला. ऑपरेशननंतर मुंग्या थांबल्या, रात्री झोपते. बारीक बटणं मात्र लागत नाहीत. फजरला तिच्या कुर्त्याची बटणं मी लावते.