मधली प्लेट

कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली, १९७४ साली पद्मिनी हे नाव मिळालेली ती गाडी आता रस्त्यावर क्वचित दिसते. तिचं १०८९ सीसीचं इंजिन चिवट. त्याच्याआधी थकतो सोलेक्स कार्बोरेटर. थ्रॉटलच्या दांडीचं भोक घासून घासून लंबगोल होतं, तिथून चोरटी हवा शिरते, आणि मग कितीही स्क्रू फिरवा, सिग्नलला इंजिन वरखाली होतच राहतं.

अलीकडच्या एखाद्या गाडीचा कार्बोरेटर आणावा, तर भोकं जुळत नाहीत. खाली मॅनिफोल्डला एकच गोल तोंड, वर नव्या कार्बोरेटरला शेजारीशेजारी दोन. मॅनिफोल्डलाच नवी भोकं पाडून काम उरकणारे आहेत. मला ते बघवत नाही. ओतीव धातू एकदा कापला की कापला. मॅनिफोल्ड आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये बसणारी अडॅप्टर प्लेट मात्र सगळी छिद्रं, सगळे आटे स्वतःच्या अंगावर घेते. उद्या कुणाला जुना सोलेक्स दुरुस्त करून लावावासा वाटला, तर नट सोडले की झालं. जुन्या यंत्रावर माया करायची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात अशी प्लेट होताना पाहावी. अर्धा इंच जाडीचं अ‍ॅल्युमिनिअम. त्यात खालच्या स्टडचे नट बुडतील एवढे खड्डे, वरच्या स्टडसाठी आटे. इथवर मापाचं काम. पुढचं बोटांचं. मिस्त्री अर्धगोल कानशीने आतली कड उतरवत राहतो, मधूनच करंगळी फिरवून बघतो. दोन तोंडांतून आलेली हवा एका तोंडात उतरताना पायरीवर आपटली, तर पेट्रोलचे कण भिंतीला चिकटतात. मग एका सिलिंडरला जास्त, दुसऱ्याला कमी. वजनाने साधारण पंधरा भाग हवेला एक भाग पेट्रोल, हे प्रमाण कार्बोरेटरने कितीही नेमकं राखलं तरी त्या पायरीवर बिघडतं. स्टड बसले म्हणजे काम झालं, असं समजणाऱ्याने ती करंगळी पाहावी.

प्लेटखाली बेकलाइटचा तुकडा हवाच, नाहीतर वैशाखात फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल उकळायला लागतं. उंची वाढते, म्हणून बॉनेट लागतंय का तेही बघायचं. इंजिन चालू करून सांध्याभोवती कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारायचा. आवाज बदलला तर पॅकिंग पुन्हा काढा. मग काही दिवस गाडी चालवून प्लग उघडायचे. काजळी धरली असेल तर जेट लहान, पांढरट पडले असतील तर मोठा. आणि चारही प्लगांवर बिस्किटी रंग सारखा आला, तर कानस नीट चालली होती.